भिक्षेकरीगृह : आश्रय की कोंडवाडा?

१

दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, नगरच्या अलीकडे, विसापूर नावाचे एक लहान स्टेशन लागते. श्रीगोंदा तालुक्यातील हे गाव जुन्या पिढीला दोन गोष्टींमुळे ठाऊक होते : एक तेथील तलाव आणि दुसरा तेथील तुरुंग. सविनय कायदेभंगाच्या काळात इंग्रज सरकारने कित्येक सत्याग्रहींना या तुरुंगात डांबले होते. याच विसापुरात सरकारचे भिक्षेकरीगृह आहे. मी या जिल्ह्यात जन्मलो, शिकलो, शिक्षक झालो, चळवळीत वावरलो. विसापूरवरून शेकडो वेळा गेलो. त्या भिंतींच्या आत कोण राहते, काय खाते, आजारी पडले तर त्याचे काय होते, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडण्यासाठी चार माणसे मरावी लागली, हे प्रथमच कबूल केले पाहिजे.

एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात शिर्डीत भिक्षेकऱ्यांना पकडण्याची मोहीम निघाली. सुमारे पन्नास माणसे गोळा करण्यात आली आणि त्यांची रवानगी विसापूरच्या भिक्षेकरीगृहात झाली. तेथे काहींची प्रकृती बिघडली, म्हणून त्यांना अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात हलवण्यात आले. पुढील काही दिवसांतच त्यांपैकी चौघे मरण पावले. नातेवाइकांनी आरोप केला की, या माणसांना बांधून ठेवले होते, कोंडून ठेवले होते, अन्नपाणीही दिले नव्हते. उलट बाजूने सांगण्यात आले की, ही माणसे व्यसनी होती आणि दारू न मिळाल्याने त्यांची प्रकृती ढासळली.

ज्या शिर्डीत ही मोहीम निघाली, तेथील फकीर १९१८ मध्ये देह ठेवीपर्यंत दारोदार भिक्षा मागून जगला. त्याच्या नावाने आज सोन्याचे सिंहासन आहे आणि त्याच्या दारात हात पसरणारा माणूस गुन्हेगार आहे. परंतु या विसंगतीवर उपहासाने बोलून थांबणे सोपे असते. मला या लेखात वेगळे काही मांडायचे आहे. ज्याला आपले म्हणणारे बाहेर कोणी नाही, असा माणूस जेव्हा संस्थेच्या दाराआड जातो, तेव्हा त्याचे हाल नेमके कोणत्या रीतीने होतात आणि ते थांबवायचे तर काय करावे लागते, हे समजून घ्यायचे आहे.

प्रथम त्या 'व्यसनी होते' या खुलाशाकडे पाहू. चौकशीत काय निष्पन्न होते हा प्रश्न बाजूला ठेवू आणि क्षणभर हा खुलासा खरा धरू. वैद्यकशास्त्र काय सांगते? रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडली, तर काही तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत काहींना झटके येतात. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो, ताप चढतो, नाडी बेफाम धावू लागते. या अवस्थेत उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो आणि वेळेवर मिळाल्यास बहुतेक वाचतात. उपचारही फार दुर्मिळ नाहीत : झटके रोखणारी औषधे, ब-१ जीवनसत्त्व, पाणी आणि क्षार, आणि लक्ष ठेवणारे कोणीतरी. म्हणजे हा धोका आधीच कळणारा आहे. रस्त्यावरून पन्नास माणसे उचलली तर त्यांत पिणारे असणार, क्षयाचे रोगी असणार, मनोरुग्ण असणार, मधुमेहाने पाय सडलेले असणार, हे कोणत्याही कंपाउंडरला सांगता येईल. मग 'दारू सुटली म्हणून मेले' याचा अर्थ काय होतो? याचा अर्थ एवढाच होतो की, ज्यांनी त्यांना ताब्यात घेतले त्यांनी त्यांना तपासले नाही, किंवा तपासूनही वेळेवर उपचार केले नाहीत. जो खुलासा म्हणून पुढे केला जातो, तीच हलगर्जीची कबुली असते.

२

ही माणसे ज्या कायद्याखाली पकडली जातात तो कायदा आमच्या वाचकांनी मुळातून समजून घेण्यासारखा आहे. मुंबई इलाख्यात १९४५ साली भिकाऱ्यांविषयीचा कायदा झाला आणि त्याची जागा १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने घेतली. या कायद्यान्वये पोलिसाला वॉरंटाशिवाय पकडता येते. न्यायालय थोडक्यात चौकशी करते आणि तो माणूस भीक मागत होता असे ठरले की, त्याला एक ते तीन वर्षे प्रमाणित संस्थेत ठेवण्याचा हुकूम देऊ शकते. पुन्हा पुन्हा सापडल्यास ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांनाही अडकवून ठेवण्याची तरतूद यात आहे. आंधळ्या, पांगळ्या, असाध्य रीतीने असहाय असलेल्या माणसाला बेमुदत ठेवण्याचीही आहे. चोराला शिक्षा किती दिवसांची हे ठाऊक असते. या माणसाला तेही ठाऊक नसते.

आणि भीक म्हणजे काय? कायद्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे, काही वस्तू विकायला पुढे करणे, या निमित्ताने पैसे मागणेही येते. उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकत राहणेही येते. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोरून एकेक जात सरकू लागली : नंदीवाला, पिंगळा, वासुदेव, डोंबारी, पोतराज, गोंधळी, बहुरूपी. गावगाड्याने ज्यांना जमीन दिली नाही, गावठाणात घर दिले नाही, फक्त दारात येऊन मागण्याचा हक्क दिला, त्यांच्या पिढीजात जगण्याचीच ही यादी आहे. भटक्या-विमुक्तांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये कोंडले. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते कुंपण कायद्याने तुटले. त्यानंतर सातच वर्षांत दुसऱ्या नावाने दुसरे कुंपण उभे राहिले.

आपल्या भाषेत मागण्याला किती नावे आहेत ते पाहा. ब्राह्मणाच्या मुलाने पाच घरी अन्न मागितले की ती माधुकरी. संन्याशाने मागितले की ती भिक्षा. देवीच्या नावाने मागितला की तो जोगवा. आणि महाराने वेसकरपणाच्या मोबदल्यात, म्हणजे कष्टाच्या मोबदल्यात, दारात उभे राहून भाकर मागितली की ती मात्र भीक! कृती तीच, जात बदलली की तिचे नाव बदलते, नाव बदलले की तिचा मान बदलतो. बाबासाहेबांनी शिळ्या तुकड्यांचा त्याग करा म्हणून आमच्या आईबापांना सांगितले आणि महार वतनाविरुद्ध १९२८ पासून कायदेमंडळात झगडा मांडला, तो यासाठीच. कनिष्ठ ग्राम वतने नष्ट करणारा कायदा अखेर १९५८ साली झाला. म्हणजे आमच्यावर लादलेली भीक संपवणारा कायदा आणि भीक मागणाऱ्याला कोंडणारा कायदा एकाच राज्यात लागोपाठच्या दोन वर्षांत झाले. पहिल्या कायद्याने माणसाला जाच करणारी व्यवस्था मोडली. दुसऱ्याने व्यवस्थेला हात लावला नाही, फक्त तिच्या खाली चिरडलेला माणूस नजरेआड केला. भीक संपवण्याच्या या दोन रीती आहेत आणि त्यांतील आमची कोणती, याविषयी आमच्या मनात संदेह असता कामा नये.

आमच्या जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार यांनी १९७४ साली आपल्या कवितासंग्रहाला 'कोंडवाडा' हे नाव दिले. खेड्यातील माणसाला कोंडवाडा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मोकाट गुरे धरून आणायची, कोंडायची आणि मालक दंड भरून सोडवीपर्यंत ठेवायची. गुराला निदान मालक असतो. भिक्षेकरीगृहातून माणसाला सोडवायला जामीन लागतो, नातेवाईक लागतो, कागदपत्र लागते. हे तिन्ही ज्याच्याकडे आहे तो रस्त्यावर हात पसरीत कशाला बसेल?

३

येथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना मी कोणा दुसऱ्याचा दोष दाखवत नाही. माझाच दाखवतो आहे.

मी पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत मागासवर्गीय मुलांच्या एका वसतिगृहात राहिलो. त्या वसतिगृहाने मला शिकवले हे मी विसरलेलो नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे काढली, बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, ती आमच्या उद्धाराची दारे होती. वसतिगृह नसते तर मी आज हा लेख लिहीत नसतो, कोणाच्या तरी उसात पाणी भरत असतो. तरीही आतले आत होते. डाळीत सोंडे असत. हिवाळ्यात दोघांत एक घोंगडी असे. रेक्टरच्या घरचे पाणी मुलांनी भरायचे असा अलिखित नियम होता.

वर्षातून एकदा तपासणी येई. त्या आधीच्या रात्री खोल्या सारवल्या जात, कपाटातले नवे पेले बाहेर निघत, सकाळी गूळ घातलेली लापशी होई. साहेब पंगतीत फिरून विचारीत, 'काय रे, जेवण कसे असते?' आणि आम्ही एका सुरात म्हणत असू, 'चांगले!' रेक्टर मागे उभे असत. मग साहेबांपुढे अभिप्रायाची वही येई. विद्यार्थ्यांच्या वतीने कोणीतरी लिहायचे असे. माझे अक्षर चांगले म्हणून सलग तीन वर्षे मीच लिहिले : 'भोजन व व्यवस्था उत्तम आहे.' खाली माझी सही.

त्यातल्या दुसऱ्या वर्षी माझ्या शेजारच्या ट्रंकेच्या मुलाला ताप आला. तो आठ-दहा दिवस अंगात होता. रोजच्या हजेरीत तो 'हजर' होता, कारण तो खोलीतच होता. एके दिवशी त्याला एस.टी.त बसवून गावी पाठवले. तो परत आला नाही. चार महिन्यांनी त्याच्या गावचा एक माणूस बाजारात भेटला तेव्हा आम्हाला कळले की, तो गावी पोचला त्याच आठवड्यात गेला. वसतिगृहाच्या रजिस्टरात त्याच्या नावापुढे दोन शब्द होते : 'नाव कमी'. तो मेला अशी नोंद तेथे कोठेही नव्हती. आणि ती खोटीही म्हणता येत नव्हती, कारण मरण हद्दीबाहेर झाले होते. त्या वर्षीच्या वहीतही 'व्यवस्था उत्तम' हे माझ्याच अक्षरात आहे.

मी भित्रा होतो म्हणून तसे लिहिले, असे पुष्कळ वर्षे मला वाटत असे. आज वाटते, त्या वहीत दुसरे काही लिहिलेच जाऊ शकत नव्हते. ज्याच्या हाती आपले ताट आहे, त्याच्यासमोर त्याच्याविषयी खरे बोलण्याची अपेक्षा बारा वर्षांच्या पोराकडून करणारी ती तपासणीच खोटी होती.

४

निवासी संस्थांतील छळाची बातमी आली की, आपण एखादा नराधम शोधतो. तो असतोही, आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु नराधमाची बदली झाली, तो तुरुंगात गेला, तरी संस्था तशीच राहते. म्हणून हाल कसे होतात याची रीत समजून घेतली पाहिजे. मला ती पुढीलप्रमाणे दिसते.

पहिली गोष्ट हस्तांतराची. पोलीस माणूस न्यायालयापुढे उभा करतात, त्यांचे काम संपते. न्यायालय हुकूम देते, त्याचे काम संपते. गृह माणूस आत घेते आणि प्रकृती बिघडली की रुग्णालयात पाठवते, त्याचे काम संपते. रुग्णालयाच्या लेखी तो 'बेवारस'. प्रत्येक ठिकाणी कागद पुढे सरकतो, सही होते आणि जबाबदारी मागच्याची किंवा पुढच्याची ठरते. संपूर्ण वाटभर त्या माणसासोबत चालणारा कोणीच नसतो. घरच्या रोग्याबरोबर बायको असते, भाऊ असतो. 'सलाईन संपले' म्हणून नर्सला हाक मारणारा असतो. बेवारसाची हाक कोण मारणार? माझा वसतिगृहातला मित्र याच मधल्या जागेत गेला.

दुसरी गोष्ट अपेक्षांची. आत असलेल्या माणसाला हक्क नसतो, त्याच्यावर उपकार होत असतात, अशी सर्वांची समजूत असते. उपकाराची भाकर कच्ची निघाली तरी तक्रार करायची नसते. महाराष्ट्रात भिक्षेकरीगृहातील माणसाला त्याच्या कामाचा मोबदला महिन्याला पाच रुपये होता. नियम १९६४ चे. एप्रिल २०२५ मध्ये, शिर्डीची घटना घडल्यावर काही आठवड्यांत, मंत्रिमंडळाने तो दिवसाला चाळीस रुपये केला. साठ वर्षे पाच रुपये! या साठ वर्षांत आमदारांचे भत्ते किती वेळा वाढले? पाच रुपयांविरुद्ध मोर्चा निघाला नाही, कारण ज्यांना ते मिळत होते त्यांना मोर्चा काढण्याची मुभा नव्हती आणि ज्यांना मुभा होती त्या आम्हाला त्याची खबर नव्हती.

तिसरी गोष्ट शब्दांची. 'व्यसनी', 'वेडा', 'बेवारस', 'मतिमंद', 'पळपुटा'. एकदा शब्द चिकटला की, त्या माणसाचे म्हणणे पुरावा ठरत नाही. तो ओरडला तर तो वेडाचा झटका, पळाला तर ती सवय, मेला तर ते व्यसन. अस्पृश्यतेची रीत याहून वेगळी काय होती? तेथेही माणसाच्या बोलण्याआधी त्याचे नाव बोलत असे.

चौथी गोष्ट बंद दाराची. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका झोपडीवजा आश्रयगृहाला आग लागली. आत मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. अठ्ठावीस माणसे जळून मेली. आग हा अपघात होता. साखळी अपघात नव्हती. आज मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये रुग्णाला साखळीने बांधणे हा कायदेभंग आहे, आणि रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला चोवीस तासांत सार्वजनिक आरोग्य संस्थेत नेले पाहिजे. शिर्डीसारख्या मोहिमेत पकडलेल्यांत मनोरुग्ण किती, हे प्रथम कोण ठरवते? ठरवणारा डॉक्टर पहिल्या दिवशी तेथे नसेल, तर हा चांगला कायदा त्या माणसापर्यंत पोचतच नाही.

हे केवळ भिक्षेकरीगृहापुरते नाही. आमच्याच अकोल्याच्या डोंगरी भागात, राजूर प्रकल्पाखाली, आदिवासी मुलांच्या आश्रमशाळा आहेत. राज्यभरातील अशा आश्रमशाळांत दीड दशकात हजाराहून अधिक मुले मृत्यू पावल्याची गोष्ट उघड झाली. सर्पदंश, ताप, पाण्यात बुडणे, अशी कारणे. कित्येकांपुढे कारणाची धड नोंदही नाही. डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीने २०१६ साली या मृत्यूंचा विचार केला. आईबापांनी शिकायला पाठवलेली मुले आणि रस्त्यावरून उचललेले भिक्षेकरी, दोघांच्याही बाबतीत सरकार पालकाच्या जागी उभे असते आणि दोघांच्याही रजिस्टरात 'नाव कमी' लिहिणे सोपे असते.

५

मग उपाय काय? काहीजण म्हणतील, चांगली माणसे नेमा. चांगली माणसे आहेतच. आमच्याच जिल्ह्यात शिंगवे येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी 'माउली' उभी केली. समाजाने टाकलेल्या बाईला उचलून न्हाऊ घालणे हे साधे काम नव्हे. परंतु चांगुलपणावर विसंबून राहणे ही व्यवस्था होत नाही. बाबासाहेबांनी आम्हाला राजा हरिश्चंद्र शोधायला सांगितले नाही, राज्यघटना दिली. निवासी संस्थेतही माणसाला लागतो तो हक्क, आणि त्या हक्कावर बाहेरून नजर ठेवणारा डोळा.

न्यायालये या दिशेने काही पावले चालली आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी याच मुंबई कायद्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. लोक भीक मागतात ते हौसेने नव्हे, जगण्याचा दुसरा मार्ग उरला नाही म्हणून, हा त्या निर्णयाचा गाभा. महाराष्ट्रात मात्र हा कायदा अद्याप लागू आहे. शिर्डीची माणसे त्याच कायद्याच्या दाराने आत गेली.

त्याहून आमच्या कामाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाचा आहे. दिल्लीतील लामपूर येथील भिक्षेकरीगृहात २००० साली दूषित पाण्यामुळे कॉलरा व अतिसाराची साथ पसरली आणि अनेक जण दगावले. ते प्रकरण पंचवीस वर्षे चालले आणि १२ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने देशभरच्या भिक्षेकरीगृहांसाठी निर्देश दिले. प्रवेशापासून चोवीस तासांत प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी. दरमहा आरोग्य तपासणी. शुद्ध पाणी, शौचालये, ठरलेल्या दर्जाचे अन्न. क्षमतेपेक्षा अधिक माणसे न कोंबणे. दोन वर्षांतून एकदा इमारतीची त्रयस्थ तपासणी. दर तीन महिन्यांनी वकिलांची भेट. स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय. मुलांना तेथे न ठेवता बालकांच्या संस्थांकडे सोपवणे. प्रत्येक गृहावर देखरेख समिती. आणि हलगर्जीने मृत्यू झाल्यास वारसांना भरपाई. अंमलबजावणीसाठी सहा महिन्यांची मुदतही घालून दिली.

ही यादी मी मुद्दाम सविस्तर दिली, कारण यातील प्रत्येक गोष्ट मोजता येते. 'माणुसकीने वागवा' हे मोजता येत नाही. 'चोवीस तासांत तपासले का' हे मोजता येते. पहिल्या दिवशीचा तपासणीचा कागद आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न असतो. शिर्डीच्या चौघांच्या बाबतीत हाच कागद मागितला पाहिजे.

बाहेरचा डोळा काय करू शकतो याचे उदाहरण बिहारचे आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'कोशिश' हा गट मुळात भिकारी ठरवलेल्या बेघरांबरोबर काम करणारा. या गटाने २०१७-१८ मध्ये बिहारमधील शंभराहून अधिक निवासी संस्थांचे सामाजिक परीक्षण केले. सरकारी तपासण्या त्या संस्थांत आधीही होत होत्या. या लोकांनी वेगळे काय केले? ते आत बसले, मुलांशी संस्थाचालकांच्या माघारी बोलले आणि वेळ दिला. त्यातून मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील मुलींवर होणारे अत्याचार उघड झाले आणि २०२० साली मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. त्या मुलीही आधीच्या प्रत्येक तपासणीत 'चांगले' म्हणतच असतील, हे मला माझ्या वहीवरून ठाऊक आहे.

६

आता कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी काय करायचे ते सांगतो. आपल्या तालुक्यात किती निवासी संस्था आहेत याची यादी प्रथम करावी : आश्रमशाळा, वसतिगृहे, बालगृहे, वृद्धाश्रम, मतिमंदांच्या शाळा, भिक्षेकरीगृह. यादी करताना आपल्याच गावातील दोन-तीन संस्था आपल्याला ठाऊक नव्हत्या असे आढळेल. राज्यात चौदा भिक्षेकरीगृहे आहेत. त्यांतील आपल्या जवळचे कोणते, याचा पत्ता काढावा.

दुसरे, माहितीच्या अधिकाराखाली पाच रजिस्टरे मागावीत : प्रवेशाचे, पहिल्या वैद्यकीय तपासणीचे, रुग्णालयात पाठवल्याचे, मृत्यूंचे आणि 'नाव कमी' केल्याचे. पाचवे सर्वांत महत्त्वाचे. ज्यांची नावे कमी झाली ती माणसे कोठे गेली, हे विचारावे. प्रश्न एखाद्याच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांत माहिती देणे २००५ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

तिसरे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करावा. अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना, मुलांना, अपंगांना आणि कोठडीत वा संरक्षणगृहात असलेल्यांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. आतला माणूस अर्ज करू शकत नसेल, तर बाहेरच्याने त्याच्यासाठी वकिलाच्या भेटीचा आग्रह धरावा.

चौथे, देखरेख समितीवर नावापुरती माणसे नेमली जाणार नाहीत हे पाहावे. तेथे शिक्षक हवेत, डॉक्टर हवेत, भटक्या-विमुक्तांचे कार्यकर्ते हवेत आणि कधीकाळी स्वतः आत राहिलेला एक तरी माणूस हवा. त्याला कोणते पेले फक्त तपासणीच्या दिवशी निघतात ते ठाऊक असते. भेट न कळवता द्यावी, आणि बोलावे ते चालकाच्या माघारी.

पाचवे, ताब्यातील प्रत्येक मृत्यू हा कोठडीतील मृत्यूच आहे असे धरून न्यायदंडाधिकाऱ्याकडून चौकशी मागावी. न्यायालयाच्या हुकुमाने ज्याला कोंडले, त्याच्या मरणाचा हिशेब न्यायालयापुढेच झाला पाहिजे.

आणि शेवटचे, हा कायदाच रद्द व्हावा ही मागणी सोडू नये. चांगला कोंडवाडा ही आमची मागणी असू शकत नाही. पण कायदा रद्द होईतो आत असलेल्या माणसाला आज रात्री जेवण, पाणी, औषध मिळाले पाहिजे. उद्याच्या क्रांतीसाठी आजचा माणूस उपाशी ठेवण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिलेला नाही.

हे सर्व कष्टाचे आणि कंटाळवाणे काम आहे. त्यात मोर्चाचा जोश नाही, टाळ्या नाहीत. रजिस्टरे चाळावी लागतात, दारात तासन्‌तास बसावे लागते, एकच अर्ज चार वेळा लिहावा लागतो. आमची चळवळ गावातल्या अत्याचाराच्या ठिकाणी धावून जाते, ते योग्यच आहे. खर्डा आणि सोनई या नावांचा हा जिल्हा आहे, येथे धावून जावेच लागते. पण अत्याचार भर चौकात झाला तर तो निदान दिसतो. भिंतीआड, सावकाश, कोणाचाही हात न उगारता, फक्त पाणी न देऊन झालेला अत्याचार दिसत नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही काहीजण विसापूरला जायचे ठरवले आहे. रीतसर परवानगीचा अर्ज दिला आहे. आत जाता आले तर अभिप्रायाची वही पुढे येईलच. या वेळी आतल्या माणसांशी बोलल्याशिवाय मी तिच्यात एक अक्षरही लिहिणार नाही.